वाघाचे पट्टे, केळ्याचं गोत्र

कॅनडाच्या सस्कॅचवन प्रांतात डिफेनबेकर नावाचा एक लांबलचक जलाशय आहे. २००७ मध्ये तिथे अ‍ॅडम कॉनरॅड यांच्या गळाला जवळपास २० किलोंचा रेनबो ट्राउट लागला आणि १९७० पासून अबाधित असलेला अलास्काचा जागतिक विक्रम मोडला. दोनच वर्षांनी, सप्टेंबर २००९ मध्ये, त्यांचे जुळे भाऊ शॉन यांनी त्याच पाण्यातून ४८ पौंडांचा, म्हणजे पावणेबावीस किलोंचा ट्राउट बाहेर काढला. विक्रम घरातल्या घरातच राहिला! हॉटेलात ताटलीत येणारा ट्राउट पाव ते अर्ध्या किलोचा असतो, हे आठवलं की या माशांचा पल्ला कळतो.

एवढे अगडबंब ट्राउट आले कुठून? २००० साली त्या जलाशयातल्या एका मत्स्यशेतीच्या जाळ्यांतून सुमारे ५ लाख मासे निसटले होते. हे सगळे ‘ट्रिप्लॉइड’ होते. म्हणजे त्यांच्या पेशीत गुणसूत्रांचे नेहमीच्या दोन संचांऐवजी तीन संच होते आणि त्यामुळे ते जन्मतःच वांझ होते. जोडीदार शोधायचा नाही, गाबोळी भरायची नाही, विणीच्या हंगामात झिजून जायचं नाही. नुसतं खायचं आणि वाढत राहायचं.

गळ टाकणाऱ्यांच्या जगात त्यावरून वाद पेटला. माणसाने घडवलेल्या माशाला निसर्गातल्या माशाच्या रांगेत बसवायचं का? मला विचाराल तर नोंद वेगळ्या रकान्यात करावी. अलास्कातल्या त्या जंगली माशाचा मान त्याच्यापाशी राहावा आणि डिफेनबेकरच्या धिप्पाडांचा त्यांच्यापाशी.

अर्ध्या तासाचा खेळ

तिसरा संच बाहेरून कुठून आणावा लागत नाही, ही या सगळ्या प्रकरणातली मला सर्वात आवडणारी गोष्ट. तो अंड्यातच असतो. ट्राउटच्या मादीच्या पोटातून अंडं बाहेर पडतं तेव्हा त्याचं शेवटचं विभाजन अर्ध्यावर थांबलेलं असतं आणि आईच्या गुणसूत्रांचे दोन संच आत बसलेले असतात. शुक्राणू आत शिरला की अंडं जागं होतं, त्यातला एक संच इवल्याशा पिशवीत भरून बाहेर टाकतं आणि उरलेल्या एका संचाची बापाच्या संचाशी जोडी जमते. हा संच बाहेर पडायच्या ऐन वेळी अंड्याला जोरदार धक्का दिला, तर तो आतच अडकतो. आईचे दोन, बापाचा एक. झाले तीन!

धक्का कसला? एक उष्णतेचा आणि दुसरा दाबाचा. उष्णतेच्या पद्धतीत थंड पाण्यातली अंडी २६ ते २८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात १० ते २० मिनिटं ठेवतात. आपल्याकडे नळाचं पाणीही उन्हाळ्यात याहून गरम असतं, पण १० अंशांत सुखाने राहणाऱ्या अंड्याला तो भट्टीत शिरल्यासारखा चटका असतो. दाबाच्या पद्धतीत अंडी जाड पोलादी नळकांड्यात पाण्यासकट भरतात, झाकण घट्ट आवळतात आणि पंपाने दाब चढवत नेतात. काटा जातो चौरस इंचाला ९,५०० पौंडांच्या आसपास. कारच्या टायरमधल्या हवेच्या जवळजवळ तीनशे पट! समुद्रात साडेसहा किलोमीटर खोल गेल्यावर जेवढा दाब असेल तेवढा. पाच मिनिटं तो तसाच धरून ठेवायचा आणि मग सोडून द्यायचा.

अंडी फुटत कशी नाहीत? कारण ४-५ मिलिमीटरच्या त्या केशरी मण्यात हवा नसते आणि चहूबाजूंनी सारखाच दाब आला की पाण्याने भरलेली वस्तू चेपत नाही. आत मात्र गुणसूत्रं ओढून नेणारे सूक्ष्म धागे विस्कटून जातात आणि निघायच्या बेतात असलेला संच जागच्या जागी राहतो.

वेळ साधणं हीच इथली कारागिरी. पाणी जितकं कोमट, तितकी अंड्याची घाई जास्त, म्हणून हॅचरीतले लोक नुसतं घड्याळ पाहत नाहीत. पाण्याचं तापमान आणि मिनिटं यांचा गुणाकार करतात. तो ३०० च्या घरात पोचला की दाब द्यायचा. पाणी १० अंशांचं असेल तर फलनानंतर ३० मिनिटांनी, १२ अंशांचं असेल तर २५ मिनिटांनी.

त्याआधीची धांदलही बघण्यासारखी असते. पिकलेल्या मादीचं पोट हलक्या हाताने चोळत अंडी कोरड्या घमेल्यात काढतात. मादीच्या वजनाच्या दर किलोमागे दीड-दोन हजार अंडी निघतात. वर नराचं पांढरं दुधाळ वीर्य टाकून पिसाने किंवा हाताने ढवळतात, आणि मगच पाणी घालतात. पाणी आधी लागलं तर सगळा खेळ बिघडतो, कारण पाण्याचा स्पर्श झाल्यापासून ट्राउटचे शुक्राणू जेमतेम अर्धा मिनिट पोहू शकतात.

यात परका जनुक कुठेच येत नाही. म्हणूनच युरोपीय संघाच्या कायद्यात गुणसूत्रांचे संच वाढवण्याच्या तंत्राला ‘जनुकीय बदल’ या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळलं आहे.

श्रीगणेशा एका काटेरी माशाने

या शास्त्रात भारतीय नाव फार लवकर येतं, आणि ते आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही याची मला खंत वाटते. स्टिकलबॅक नावाच्या बोटभर काटेरी माशाच्या अंड्यांना थंड-गरम पाण्याचे धक्के देऊन ट्रिप्लॉइड मासे तयार केल्याचा एच. स्वरूप यांचा शोधनिबंध १९५९ मध्ये ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’मध्ये आला. हे नियतकालिक तेव्हा भारतात येऊन स्थायिक झालेले थोर शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन चालवत होते. ट्राउटवर हाच प्रयोग यशस्वी व्हायला पुढे वीस वर्षं गेली. १९८० च्या आसपास फ्रान्समध्ये दानिएल शूरू आणि अमेरिकेत गॅरी थॉरगार्ड यांनी रेनबो ट्राउटच्या अंड्यांना उष्णतेचे धक्के देऊन वाट पक्की केली.

तुमच्या घरातला ट्रिप्लॉइड

तीन संच म्हणजे काहीतरी भलतंच, असं वाटत असेल तर फळांच्या टोपलीकडे बघा. जळगावच्या बागांमधून येणारं ग्रँड नैन जातीचं केळं ट्रिप्लॉइड आहे! त्यात बी धरत नाही ते याच कारणाने. तीन संचांची दोन सारख्या भागांत वाटणी होत नाही, त्यामुळे धड बीजपेशी तयार होत नाहीत. ट्राउटचंही अगदी तसंच. नाशिकची बिनबियांची द्राक्षं मात्र या गोत्रातली नव्हेत. त्यांच्यात दोनच संच असतात आणि बी धरतं, पण कोवळेपणीच खुरटून जातं.

ट्राउटच्या कुळाला जादा गुणसूत्रांची सवय फार जुनी आहे. साधारण ८ ते १० कोटी वर्षांपूर्वी ट्राउट-साल्मन कुळाच्या पूर्वजात सगळाच्या सगळा जनुकसंच दुप्पट झाला. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ ज्या लाव्हापासून बनला तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे सह्याद्री जन्मायच्या आधीच ट्राउटच्या पूर्वजांनी गुणसूत्रांची बेगमी करून ठेवली होती. २०१४ मध्ये रेनबो ट्राउटचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला तेव्हा त्या दुपटीच्या खुणा जागोजागी सापडल्या. जादा संच मिळूनही ट्राउटचं अंडं नीट वाढतं, ते कदाचित म्हणूनच.

बाप जन्माने मादी

आता जरा डोकं चक्रावणारी गोष्ट. मत्स्यशेतीला नुसते वांझ मासे पुरत नाहीत, त्यांना सगळ्या माद्याच हव्या असतात. कारण ट्रिप्लॉइड नराला कुणी सांगितलेलंच नसतं की तो वांझ आहे! त्याची वृषणं वाढतात, जबडा आकड्यासारखा वळतो, अंग काळवंडतं, मांसाचा रंग उतरतो आणि तो मारामाऱ्या करत सुटतो. ट्रिप्लॉइड मादीच्या अंडाशयाची मात्र वाढच होत नाही. ती चंदेरी, शांत आणि मांसल राहते.

मग सगळ्या माद्या आणायच्या कुठून? ट्राउटमध्ये माणसासारखीच पद्धत आहे: दोन एक्स म्हणजे मादी, एक्स आणि वाय म्हणजे नर. हॅचरीवाले काही मादी-पिल्लांना अगदी लहानपणी, पहिला घास घेऊ लागतात तेव्हापासून, नर-संप्रेरकाचा अंश असलेलं खाद्य देतात. ही पिल्लं वाढून नर होतात, पण त्यांची गुणसूत्रं मादीचीच राहतात. त्यांच्या वीर्यात फक्त एक्स असतो, त्यामुळे त्यांची झाडून सगळी प्रजा माद्यांची. या नरांमध्ये अनेकदा वीर्य बाहेर येण्याची नळीच तयार होत नाही, म्हणून वृषण काढून, बारीक करून वीर्य मिळवावं लागतं.

ग्राहकाने यातली एक बाब नीट समजून घ्यावी असं मला कळकळीने वाटतं. ताटात येणाऱ्या माशाला संप्रेरक दिलेलं नसतं. ते दिलेलं असतं त्याच्या बापाला, आणि तो बाप बाजारात येत नाही.

आणि ट्राउटला नर बनवणारा मूळ जनुक कोणता? २०१२ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी तो शोधून काढला. तो निघाला रोगप्रतिकाराच्या कामातल्या एका जनुकाचा वंशज! रोगजंतूंशी लढणाऱ्या घराण्यातला एक सदस्य नोकरी बदलून लिंग ठरवायला लागला. उत्क्रांतीने केलेली ही बदली ऐकून मी थक्क झालो होतो आणि अजूनही होतो.

पाण्यातला पट्टेरी वाघ

संकराच्या दुनियेतला सगळ्यात देखणा मासा म्हणजे टायगर ट्राउट. आई ब्राउन ट्राउट, बाप ब्रुक ट्राउट. आईच्या अंगावर ठिपके, बापाच्या अंगावर ठिपके आणि पाठीवर नागमोडी रेघा. पोराच्या अंगावर मात्र डोक्यापासून शेपटीपर्यंत सोनेरी-तपकिरी भुलभुलैया, वाघाच्या पट्ट्यांची आठवण करून देणारा. हे आईबाप एका जातीचे नाहीतच, एका प्रजातीचेही नाहीत. ब्राउन ट्राउट युरोपचा, ब्रुक ट्राउट उत्तर अमेरिकेचा. माणसाने ब्राउन ट्राउट अमेरिकेत नेऊन सोडला नसता तर निसर्गात त्यांची गाठ पडलीच नसती.

गुणसूत्रांचा हिशोबही गमतीचा आहे. ब्राउनची ८०, ब्रुकची ८४. पोराच्या वाट्याला ४० आणि ४२, एकूण ८२. जोड्या नीट जुळत नाहीत, म्हणून टायगर ट्राउट वांझ असतो. त्याहून मोठी अडचण अशी, की साध्या संकरात शंभर अंड्यांतली पाचेकच तगतात. इथे उष्णतेचा धक्का कामाला येतो. आईचे दोन्ही संच आत राहिले की ८० अधिक ४२, म्हणजे १२२ गुणसूत्रांचा मासा तयार होतो आणि जगण्याचं प्रमाण ८५ टक्क्यांपर्यंत चढतं. वांझपण देण्यासाठी शोधलेली युक्ती इथे जीव वाचवते, हे मला या विषयातलं सर्वांत विलक्षण सत्य वाटतं.

टायगर ट्राउट खादाड आणि आक्रमक असतो. अमेरिकेतल्या यूटा राज्यात जलाशयांमध्ये चब नावाच्या माशांची बेसुमार वाढ झाली तेव्हा त्यांना खाऊन आवरायला याला सोडण्यात आलं. काम करतो आणि मागे प्रजा ठेवत नाही. पाहुण्या शिकाऱ्याकडून याहून जास्त काय हवं?

सोयरिकी आणखी काही

स्प्लेक: लेक ट्राउटची मादी आणि ब्रुक ट्राउटचा नर. हा संकर वांझ नाही, त्याला पोरंबाळं होतात, कारण दोन्हीकडे ८४ गुणसूत्रं. विसाव्या शतकाच्या मध्यावर लॅम्प्री नावाचे रक्तशोषक जलचर शिरले आणि ह्युरॉन सरोवरातला लेक ट्राउट जवळपास संपला. तेव्हा कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने स्प्लेकच्या पिढ्या निवडून निवडून वाढवल्या. हेतू असा की मासा लवकर वयात यावा आणि लॅम्प्रीने गाठायच्या आत एकदा तरी अंडी घालून मोकळा व्हावा.

कटबो: रेनबो आणि कटथ्रोट यांचं पोर. दिसायला सुरेख, गळ टाकणाऱ्यांचा लाडका आणि कटथ्रोटच्या मुळावर आलेला. त्याच्याबद्दल पुढे.

एल्सेसर झायब्लिंग: जर्मन भाषक देशांत आवडीने खाल्ला जाणारा संकर. ब्रुक ट्राउटला ‘आर्क्टिक चार’ नावाच्या माशाचं स्थळ मिळालं की हा होतो. नाव अल्सासचं, कौतुक जर्मनांचं.

सोनेरी ट्राउट: १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियातल्या एका सरकारी हॅचरीत हजारो करड्या पिल्लांमध्ये एक पिवळट डागांचं पिल्लू निघालं. कुणीतरी ते बाजूला काढून जपलं, वाढवलं, त्याची वीण घेतली. राज्याच्या शताब्दीला, १९६३ मध्ये, लख्ख सोनेरी रेनबो ट्राउट नद्यांत सोडले गेले. त्याची साध्या रेनबोशी गाठ घातली की फिकट सोनेरी ‘पालोमिनो’ मिळतो. गर्दीतल्या एका वेगळ्या पिल्लाकडे ज्याचं लक्ष गेलं, त्या नजरेला सलाम.

जपानचे शेफ आणि शास्त्रज्ञ

संकर आणि ट्रिप्लॉइड या दोन्ही विद्यांचा सुंदर मिलाफ जपानमध्ये झाला. डोंगरांनी वेढलेल्या, समुद्रकिनारा नसलेल्या नागानो प्रांताला पाहुण्यांच्या ताटात कच्चा खाता येईल असा स्वतःचा मासा हवा होता. तिथल्या प्रांतिक मत्स्य प्रयोगशाळेने सुमारे दहा वर्षं खपून तो घडवला. आधी रेनबो ट्राउटच्या अंड्यांना जरा उशिरा, पहिल्या पेशीविभाजनाच्या वेळी धक्का देऊन चार संचांच्या माद्या तयार केल्या. चारांचे अर्धे दोन, म्हणून त्यांच्या अंड्यात दोन संच आपोआप येतात. त्यांची गाठ घातली जन्माने मादी असलेल्या ब्राउन ट्राउट-नरांशी. दोन संच रेनबोचे, एक ब्राउनचा, सगळ्या माद्या, सगळ्या वांझ, आणि ऐन वेळी धक्का देण्याची गरजच नाही! २००४ मध्ये सरकारी मान्यता मिळालेला हा मासा ‘शिन्शू साल्मन’ म्हणून विकला जातो. शिन्शू हे नागानोचं जुनं नाव. शेजारच्या यामानाशी प्रांतानेही रेनबो आणि किंग साल्मन यांच्या संकरातून ‘फुजी नो सुके’ बाजारात आणला, तर तोचिगीने आपल्या ट्रिप्लॉइड रेनबोला ‘याशिओ मासू’ म्हटलं. याशिओ म्हणजे तोचिगीचं प्रांतिक फूल, आणि त्या माशाच्या मांसाचा रंग त्याच फुलासारखा गुलाबी.

पण जपानची खरी कमाल २००७ मधली. तोक्योच्या सागरी विद्यापीठातल्या गोरो योशिझाकी यांच्या गटाने ट्रिप्लॉइड मासू साल्मनची नुकती उबलेली पिल्लं घेतली. त्यांच्या पोटात रेनबो ट्राउट नराच्या वृषणातल्या मूळपेशी सूक्ष्म सुईने सोडल्या. पिल्लं मोठी झाली. स्वतःच्या बीजपेशी घडवणं त्यांना शक्य नव्हतं, पण नरांनी ट्राउटचं वीर्य दिलं आणि माद्यांनी ट्राउटची अंडी! दोघांच्या मीलनातून जन्मले ते निखळ ट्राउट. साल्मन आईबापांच्या पोटी फक्त ट्राउट, आणि नराच्या पेशींपासून झालेली अंडी.

माशांची अंडी गोठवून वर्षानुवर्षं साठवता येत नाहीत, या बीजपेशी मात्र येतात. उद्या एखादा दुर्मीळ मासा नदीतून नाहीसा झाला तर त्याच्या गोठवलेल्या पेशी दुसऱ्या माशाच्या पोटात वाढवून तो परत आणता येईल. आणि त्या परोपकारी आईबापांची जागा वांझ ट्रिप्लॉइडच घेऊ शकतात, कारण त्यांची स्वतःची प्रजा मध्ये येत नाही.

नदीचा वंश राखायचा तर

आता कटथ्रोटकडे वळू. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या नद्यांचा हा मूळचा रहिवासी. गळ टाकणाऱ्यांच्या हौशीसाठी दशकानुदशकं त्याच्या नद्यांत हॅचरीतले रेनबो सोडले गेले. दोघांचं जमलं, पोरं झाली, पोरांना पोरं झाली, आणि कितीतरी प्रवाहांत शुद्ध कटथ्रोट शोधूनही सापडेना. आयडाहो राज्याने २००१ पासून धोरण बदललं: देशी ट्राउटला धोका पोचेल अशा पाण्यात रेनबो सोडायचे ते ट्रिप्लॉइडच. इंग्लंड आणि वेल्सने हाच नियम ब्राउन ट्राउटला लावला. २०१५ पासून तिथल्या नद्यांत सोडायचा मासा एकतर वांझ हवा किंवा त्याच नदीतल्या आईबापांचा हवा.

मला हा नियम मनापासून पटतो. हजारो वर्षं एकेका ओढ्याशी जुळवून घेतलेला वंश दोन हंगामांच्या हौशीपायी विस्कटून टाकण्याचा हक्क कुणालाच नाही.

अर्थात प्रत्येक अंडं ट्रिप्लॉइड झालंच असेल याची खात्री धक्का देऊन होत नाही, तपासावं लागतं. त्यासाठी रक्ताचा एक थेंब पुरतो. आपल्या तांबड्या पेशींत केंद्रक नसतं, माशांच्या असतं. तीन संच मावायचे म्हणून ट्रिप्लॉइडचं केंद्रक आणि पेशीही मोठी असते. सूक्ष्मदर्शकाखाली लांबट, थोराड पेशी दिसल्या की मासा पास! पेशी मोठ्या, म्हणून संख्येने कमी. त्यामुळे पूर्ण मासा मापाने इतर भावंडांएवढाच राहतो.

या थोराड पेशींची किंमतही मोजावी लागते. पाणी तापलं आणि प्राणवायू घटला की ट्रिप्लॉइड आधी धापा टाकतो. जबड्यात, मणक्यांत व्यंग निघण्याचं आणि डोळ्यांत मोतीबिंदू होण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त आढळतं, खाद्यात फॉस्फरस वाढवावा लागतो. शिवाय लहानपणी ते साध्या ट्राउटपेक्षा वेगाने वाढत नाहीत, कधी मागेही पडतात. फायदा दिसतो तो वयात यायच्या वेळी, जेव्हा बाकीचे गाबोळी भरण्यात शक्ती घालवतात. म्हणून पाव किलोचा मासा विकायचा असेल तर ट्रिप्लॉइडचा खटाटोप करू नये. दोन-तीन किलोंचा जाडजूड गुलाबी तुकडा विकायचा असेल तर करावा.

फक्त मुलगेच!

आयडाहोने याच गुणसूत्रांच्या विद्येतून आणखी एक धाडसी डाव टाकला आहे. तिथे बाहेरून आणलेला ब्रुक ट्राउट डोंगरी ओढ्यांत माजला आहे. विष घालून किंवा विजेचा झटका देऊन तो पुरता संपत नाही. मग हॅचरीत नर-पिल्लांना मादी-संप्रेरक देऊन अंडी देणाऱ्या माद्या बनवलं, त्यांची साध्या नरांशी वीण घेतली, आणि चारांतल्या एका पिल्लाला दोन्हीकडून वाय मिळाला. हा ‘वाय-वाय’ नर ओढ्यात सोडला की त्याला फक्त मुलगे होतात. दरवर्षी असे नर सोडत गेलं तर एक दिवस त्या ओढ्यात मादीच उरणार नाही आणि आक्रमकांचा वंश आपोआप थांबेल. रसायन नाही, मारामारी नाही. हा प्रयोग पूर्ण फळाला यावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आपल्याकडचा ट्राउट

महाराष्ट्राच्या नद्या ट्राउटला फार गरम. भारतात तो आला साहेबाच्या गळाच्या हौसेपायी. १९०० च्या सुमारास स्कॉटलंडहून ब्राउन ट्राउटची अंडी काश्मीरला पोचली आणि श्रीनगरमध्ये गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या फ्रँक मिचेल यांनी ती उबवून पिल्लं वाढवली. दक्षिणेत निलगिरीतल्या अ‍ॅव्हलांच इथे १९०७ मध्ये एच. सी. विल्सन यांनी हॅचरी उभारली. पुढे हिमाचलात पतलीकुहल इथे नॉर्वेच्या मदतीने रेनबो ट्राउटची शेती रुजली. आज कुलू-मनालीच्या ढाब्यांवर मिळणारा ट्राउट या परंपरेतला आहे.

शीतजल मत्स्यसंशोधनाची आपली राष्ट्रीय संस्था उत्तराखंडात भीमतालला आहे आणि तिच्या चंपावत केंद्रात ट्रिप्लॉइड रेनबो ट्राउटचे प्रयोग झाले आहेत. हिमालयातल्या शेतकऱ्यासाठी याचं मोल मोठं आहे. त्याच्या हौदात सतत बर्फाचं थंड पाणी वाहतं, म्हणजे ट्रिप्लॉइडला जे लागतं ते तिथे आयतंच आहे. शिवाय खालच्या खोऱ्यांत देशी असेला मासा राहतो. हौदातून निसटलेला ट्राउट वांझ असला तर निदान असेलाच्या नदीत वस्ती करून बसणार नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तिकडचा विणीचा हंगाम. त्या दिवसांत मनालीला गेलात तर वाटेत पतलीकुहलला थांबा, फार्मवर परवानगी विचारा आणि मादीच्या पोटातून कोरड्या घमेल्यात केशरी अंडी कशी उतरवतात ते डोळ्यांनी पाहा. सकाळी लवकर जा, काम उन्हं चढायच्या आत उरकतं.